वरचा खाली उतरला

माझे सासरे निवांत बसलेत, असं मी लग्नानंतर कितीतरी वर्षं पाहिलंच नाही. चहाचा कप हातात घेऊन ते घरभर फिरायचे. पेपर उभ्याने वाचायचे. जेवताना दोन घास झाले की उठून खिडकीशी जायचे, बाहेर काही नाही अशी खात्री करून घ्यायचे आणि परत ताटाशी यायचे. मी घरात नवी होते तेव्हा मला वाटायचं, माझ्या हातचं त्यांना आवडत नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हाताला काही झालेलं नाही गं. त्यांच्या पायाला भिंगरी आहे. तू वाढत राहा, ते येता-जाता खातील."

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. नोकरीही त्यांनी पायाला शोभेल अशीच धरली होती. घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचे. दिवसभर जिने चढायचे, उतरायचे, आणि संध्याकाळी घरी आले की पुन्हा फेऱ्या मारायला बाहेर. शेजारचा शिंपी म्हणायचा, "अण्णा, तुमच्या चपला माझ्या मशीनपेक्षा जास्त चालतात."

एकदा सासूबाई आणि मी मटार सोलत बसलो होतो. अण्णांची आतल्या खोलीतली ये-जा ऐकू येत होती. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुला खरं वाटणार नाही, पण हाच माणूस एके काळी दगडासारखा बसायचा. कामाच्या पाळीच्या पाळी. पगारच बसण्याचा होता."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे लोक मूळचे कोळशाच्या खाणीच्या गावचे.

अण्णांचे वडील खाणीत छत कोसळून गेले. घरात दोन मुलं, धाकटा अजून शाळेत. आईने थोरल्याचा हात धरला आणि ती थेट मॅनेजरच्या खोलीत गेली. म्हणाली, "एक खाली दिला. हा वरच ठेवा." मॅनेजर भला असावा, किंवा बाईच्या तोंडाकडे बघून घाबरला असावा. त्याने अण्णांना इंजिनघरात तेलपाणी करायला ठेवलं. पुढे काम शिकून ते पिंजरा चालवू लागले.

खाण म्हणजे सरळ जमिनीत उतरणारी विहीर. तिच्यात एक लोखंडी पिंजरा पोलादी दोराला टांगलेला. तो दोर वर उंच मनोऱ्यावरच्या चाकावरून जायचा आणि इंजिनघरातल्या भल्यामोठ्या रिळावर गुंडाळला जायचा. माणसं खाली जायची ती त्याच पिंजऱ्यातून आणि वर यायची तीही त्यातूनच. अण्णांच्या हातात एक दांडा आणि समोर एक मोठी तबकडी. तबकडीवरचा काटा सांगायचा, पिंजरा आत्ता किती खोल आहे. बाकी त्यांना काही दिसायचं नाही. दारावर पाटी होती, चालकाशी बोलू नये. बोलायची ती फक्त घंटा. खालचा माणूस तार ओढायचा, वर घंटा वाजायची. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे कोळसा भरलाय, उचल. तीन म्हणजे आत माणसं आहेत, जपून.

आणि खाली तार ओढायला होता त्यांचा धाकटा भाऊ.

आईने त्यालाही वर ठेवायची खटपट केली होती. तो ऐकेल तर ना! म्हणाला, "दोघं वर बसलो तर खाली कोण जाईल? आणि दादाला घंटा वाजवून जागं कोण ठेवील?" आईने डोक्याला हात लावला आणि थोरल्याकडून तेवढं वचन घेतलं, तू तरी कधी खाली जायचं नाहीस. अण्णांनी ते पाळलं. हजारो माणसं त्यांनी खाली सोडली आणि वर आणली, पण स्वतः एकदाही उतरले नाहीत. खाणकामगार चिडवायचे, "हा बघा, उंटावरून शेळ्या हाकतोय." गावाने दोघा भावांची नावंच टाकून दिली. थोरला वरचा आणि धाकटा खालचा. पिंजऱ्यात चढताना रोज कुणीतरी म्हणायचं, "चला, आता सगळं वरच्याच्या हातात," आणि रोज सगळे हसायचे. सासूबाईंच्या लग्नात मैत्रिणी त्यांना म्हणाल्या होत्या, "तुझं काय बाई, तुझी तर थेट वरच्याशीच ओळख."

"दिवसभर ते दोघं घंटेवर बोलायचे," सासूबाई म्हणाल्या. "तीन घंटा सगळेच वाजवतात, पण भाऊजी मजेत असले की तिसरी जरा लांबवायचे. मग हे घरी येऊन सांगायचे, आज स्वारी खुशीत होती."

पुढचं सांगताना त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

एका दुपारी जुन्या सोडून दिलेल्या खाणीतलं पाणी भिंत फोडून आत आलं. धाकटा तळाशी पिंजऱ्याजवळ होता. त्याने माणसं भरायला सुरुवात केली. तीन घंटा, पिंजरा वर. रिकामा खाली. पुन्हा तीन घंटा. असं चालू होतं. मग एकदा पिंजरा खाली गेला आणि घंटा वाजलीच नाही. अण्णा दांड्यावर हात ठेवून थांबले. घंटेशिवाय पिंजरा हलवायचा नाही हा नियम. मॅनेजर धावत आला. पाण्याबरोबर लाकडं वाहून येताहेत, पिंजरा तळाशी अडकला तर मधल्या पातळीवरच्या, अर्ध्या वाटेवरच्या बोगद्यांतल्या लोकांना कसं काढायचं? म्हणाला, "उचल." अण्णा थांबले. मॅनेजर पुन्हा म्हणाला, "उचल." अण्णांनी उचलला.

"मग?"

"रिकामा आला. मधल्या पातळीवरची माणसं त्याच पिंजऱ्याने वाचली. भाऊजी गेले." सासूबाईंनी मटारची सालं गोळा केली. "मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी. तुझा नवरा पाळण्यात होता. यांनी मला हे सगळं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. त्या दिवशी त्या खुर्चीवरून उठले ते उठलेच. महिन्याभरात आम्ही गाव सोडलं. जावेला तोंडसुद्धा दाखवलं नाही. तिची मुलगी माझ्या मुलापेक्षा थोडी मोठी."

सासूबाई गेल्या. अण्णा निवृत्त झाले. मीटर सुटले, तशी त्यांची घालमेल आणखी वाढली. सकाळी बागेत, दुपारी बाजारात, परत आले की गॅलरीत. त्यांचा उजवा हात मात्र नेहमी अर्धा मिटलेला असायचा, जणू त्यात काहीतरी धरलंय. मी दवाखान्यात मलमपट्टी करते, मला हात बघायची सवय. एकदा मी विचारलं, "दुखतो का?" तर त्यांनी तो खिशात घातला.

मग एके दिवशी माझ्या नवऱ्याने फोनवर एक व्हिडिओ लावला. खाण केव्हाच बंद पडली होती. आता म्हणे ते गाव बघायचं ठिकाण झालंय, तिकीट काढून लोक खाणीत उतरतात. पडद्यावर मनोरा दिसला आणि त्यावरचं चाक. अण्णांनी फोन हातात घेतला आणि तो घेऊनच घरभर फिरू लागले. "अण्णा, माझा फोन," म्हणत नवरा त्यांच्या मागे.

काही दिवस त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मग एका सकाळी मी दार उघडायला गेले तर ते बूट घालून, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून उंबऱ्यातच उभे.

"निघायचं," ते म्हणाले.

"कुठे?"

"त्याला माहीत आहे."

नवऱ्याने रजा टाकली, मीही टाकली. गाडीत बसवणं हेच मोठं काम होतं. दर थोड्या वेळाने त्यांना उतरायचं असायचं. रस्त्याच्या कडेला चार पावलं टाकायची, परत बसायचं. गाव जवळ आलं तसं मात्र त्यांनी उतरायचं नाव काढलं नाही. शेवटच्या वळणावर म्हणाले, "मी कोण ते तिथे कुणाला सांगायचं नाही. नाहीतर मी सरळ गाडीत येऊन बसेन."

"बसाल?" नवऱ्याने विचारलं.

मला हसू आलं. अण्णांना आलं नाही.

गाव लहानच. विटांच्या बुटक्या घरांच्या रांगा, एकाची भिंत ती दुसऱ्याची भिंत, प्रत्येकाला पुढे एक दार, एक खिडकी. गावामागे खाणीतल्या दगडमातीचा डोंगर होता, त्यावर आता गवत उगवलं होतं आणि कुणाचं तरी कुत्रं वर-खाली पळत होतं. खाणीच्या आवारात खाली उतरणाऱ्यांना दिवे देण्याच्या खोलीचं दुकान झालेलं, तिथे किल्लीला अडकवायचे चिमुकले कंदील विकायला. कामगारांच्या न्हाणीघरात चहाची टेबलं मांडली होती. छतापासून साखळ्या लोंबत होत्या. पूर्वी त्यांना कपडे अडकवून वर ओढून ठेवत, म्हणजे ते कोरडे राहत. आता त्यांना दोन-चार जुने कोट दाखवण्यापुरते लटकवलेले. अण्णा एकेका कोटाखाली जाऊन वर बघत होते. मी चहा घेऊन मागे मागे फिरत होते. तो निवला तरी त्यांनी घेतला नाही.

माहिती सांगणारी बाई माझ्याच वयाची. डोक्यावर हेल्मेट, आवाज खणखणीत, विनोद करत चालणारी. आम्ही पंधरा-वीस माणसं तिच्या मागे इंजिनघरात शिरलो. आत पितळ लखलखत होतं. ते अवाढव्य रीळ, ती तबकडी. समोर दोरी बांधून खुर्ची राखलेली आणि खुर्चीत एक पुतळा बसवलेला, मिशा लावून, स्वच्छ गणवेश घालून.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "हा तर झोपलाय," ते माझ्या कानात म्हणाले.

"या खुर्चीत," बाईने सांगायला सुरुवात केली, "गावाचा वरचा बसायचा. आणि तळाशी घंटेच्या तारेपाशी त्याचा सख्खा भाऊ, खालचा. तो खालचा माझा बाप."

माझ्या नवऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं. ही त्याची चुलत बहीण होती. अण्णांची पुतणी, पाळण्यात सोडून आलेली.

ती छान सांगत होती. पाणी कसं आलं, तिचे वडील कसे माणसं भरत राहिले. "आणि मग घंटा वाजेनाशी झाली. मॅनेजर ओरडला, पिंजरा उचल! वरच्याने दांडा हलवला नाही. दुसऱ्यांदा ओरडला, तरी नाही. पिंजऱ्यावरून पाणी गेलं, पण हा माणूस भावाची वाट बघत हात घट्ट धरून बसला. शेवटी चार जणांनी त्याला खुर्चीवरून ओढून काढलं, तेव्हा कुठे पिंजरा उचलता आला."

एका म्हाताऱ्या बाईने डोळे पुसले. कुणीतरी पुतळ्याचा फोटो काढला.

अण्णा मागे भिंतीलगत येरझारा घालत होते. दोन पावलं इकडे, दोन तिकडे. एकदा त्यांचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. मग ते लोकांमधून वाट काढत थेट दोरीपाशी गेले.

"खोटं आहे," ते म्हणाले.

बाई हसली. तिला अशा आगाऊ म्हाताऱ्यांची सवय असावी. "काय खोटं, आजोबा?"

"कुणी ओढलं नाही. त्याने उचलला. दोनदा सांगितलं आणि त्याने उचलला. स्वतःच्या हाताने."

"तुम्ही होतात का तिथे?"

अण्णांनी समोरची दोरी मुठीत धरली. माझा नवरा पुढे झाला आणि म्हणाला, "हे तुझे काका आहेत."

तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. मला वाटलं रडेल, किंवा पाया पडेल. ती भडकली. "काका? चाळीस वर्षं कुठे होते मग काका? रोज मी इथे उभी राहून तुमचं नाव मोठं करते, आणि तुम्ही एक दिवस तिकीट काढून येता आणि मला खोटं ठरवता?"

"नाव मोठं करू नकोस," अण्णा म्हणाले. "खरं सांग."

"मला जे सांगितलं ते मी सांगते. आईने सांगितलं." मग तिच्या लक्षात आलं की लोक ऐकताहेत. तिने सगळ्यांना चहाला पिटाळलं, हेल्मेट काढून काखेत मारलं आणि म्हणाली, "चला. तिलाच विचारा."

रांगेतलं शेवटचं घर. त्याच्या अलीकडचं घर 'कामगाराचं घर' म्हणून सजवून ठेवलेलं, जुनी शेगडी आणि पत्र्याचा टब वगैरे मांडून. बघायला येणारे लोक चुकून पुढच्या दारातही डोकावायचे. आम्ही पोहोचलो तेव्हा आतून आवाज आला, "संग्रहालय शेजारी आहे! मी अजून जिवंत आहे!"

"आई, मी आहे," पुतणी म्हणाली.

अण्णांच्या भावजयीला मी पहिल्यांदा पाहिलं. बारीक, ताठ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ती भांडी घासत होती. तिने वळून पाहिलं, मुलीकडे नाही, माझ्याकडे नाही, थेट अण्णांकडे. हातातलं भांडं तिने खाली ठेवलं नाही.

"जाड झालात भाऊजी," ती म्हणाली.

अण्णा दारातच होते. "तू पोरीला काय सांगितलंस?"

"आल्या आल्या भांडण? आत तरी या."

खोली एवढीशी, आम्ही पाच जण. खुर्च्या होत्या, पण कुणी बसलं नाही. अण्णा टेबल आणि शेगडीच्या मधल्या हातभर जागेत फेऱ्या मारत होते आणि भावजय घासलेलं भांडं पुन्हा घासत होती.

"मी उचलला होता," अण्णा म्हणाले. "कुणी मला ओढलं नाही. तुला माहीत नसेल, म्हणून सांगतो. मॅनेजर म्हणाला आणि मी उचलला."

"मला माहीत आहे."

अण्णा थांबले.

"मी बाहेर आवारात उभी होते," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या बायका उभ्या होतो, मनोऱ्याकडे बघत. चाक फिरलं की कुणीतरी वर येतंय. फिरायचं, माणसं यायची, कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मुलगा. मग चाक थांबलं. किती वेळ थांबलं होतं. आणि मग फिरलं. मी या पोरीला कडेवर घेऊन धावले. मला वाटलं, सगळ्यांना पाठवून झालं, आता शेवटचा हा येणार." तिने भांडं पालथं घातलं. "पिंजरा आला. दार उघडलं. आत नुसतं पाणी निथळत होतं."

पुतणी आईकडे बघत होती. हे तिने कधी ऐकलं नसावं.

"सगळ्या गावाने चाक फिरताना पाहिलंय भाऊजी. चाक लपतं का?"

"मग हे असं... का सांगितलंस?"

"तुम्ही गेलात निघून. तुम्ही गेल्यावर पोरांनी तुमच्या घराच्या काचा फोडल्या. दारू पिऊन येऊन दारावर लाथा मारायची. वरच्याने भावाला सोडलं, वरच्याने भावाला सोडलं. मीही शिव्या घातल्या हो. पहिलं वर्षभर तर रोज. मनात यायचं, अजून जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं. मधल्या पातळीवरून वाचलेली माणसं समोरून जायची, तरी मला असंच वाटायचं." ती पहिल्यांदाच टेबलाला टेकली. "मग एकदा दुकानात एकाने या पोरीसमोर तेच म्हटलं. ती नुकती बोलायला लागली होती. मला म्हणाली, सोडलं म्हणजे काय? मी त्या माणसाला म्हटलं, तोंड सांभाळ, त्याने उचलला नाही, त्याला ओढून काढला. दुकानात सगळे होते. सगळ्यांनी चाक पाहिलेलं. पण विधवेला खोटं कोण पाडणार? गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक जण दुसऱ्याला तेच सांगत होता. हळूहळू सगळेच सांगायला लागले. त्यांनाही ते बरं वाटत असावं."

"पण ते खरं नाही."

"नाही तर नाही. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर तुमच्या भरवशावर घंटा वाजवली. त्याच्या माणसाला मी गावाच्या तोंडी देऊ?"

अण्णा दार उघडून बाहेर गेले. मी मागे जायला निघाले, तर नवऱ्याने मला थांबवलं. खिडकीतून दिसत होतं, ते रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले. भावजयीने शेगडीवर चहा ठेवला. चहा उकळला, गाळला, तरी ते चालतच होते. शेवटी तीच दारात जाऊन ओरडली, "भाऊजी! खाली गेलात का?"

"काय?"

"खाली. त्याची जागा बघितलीत का?"

"आईला शब्द दिला होता."

"आईला जाऊन किती वर्षं झाली! मीही गेले नाही अजून. पोरगी रोज विचारते, मी म्हणते गुडघे दुखतात." तिने दुमडलेल्या बाह्या खाली केल्या. "चला. दोघांनी एकदाच जाऊ."

संध्याकाळची शेवटची फेरी होती. पुतणीने इतर लोकांना आधीच्या फेरीत पाठवून दिलं, म्हणून पिंजऱ्यात आम्ही घरचेच. जाळीचं दार लागलं. अण्णांनी आडवी दांडी दोन्ही हातांनी धरली. "वर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही काका, मशीन आहे. खाली घंटा वाजवली की आपोआप उचलतं."

"कुणी नाही," अण्णा स्वतःशीच म्हणाले. पिंजरा सुटला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलू लागले. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. नीट ऐकलं तर ते खोली मोजत होते. समोर तबकडी नव्हती, तरी काटा त्यांच्या डोळ्यांपुढे फिरत होता. "आता हळू," ते म्हणाले, आणि खरंच पिंजरा हळू झाला.

खाली पाहिलं तर विटांची एक कमान, तिला चुना मारलेला. जमिनीत रूळ. भिंतीवर दिवे. आत काळोखात शिरणारा एक बोगदा, त्याच्या तोंडाशी आडवी साखळी. एवढंच. अण्णा भांबावल्यासारखे इकडेतिकडे बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी मनात जी जागा पाहिली होती ती बहुधा फार मोठी असावी.

"ही तार," पुतणी म्हणाली. भिंतीवर लोखंडी मूठ होती, हातांनी झिजून गुळगुळीत झालेली. भावजयीने तिच्यावर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिली.

अण्णा पिंजऱ्याच्या दारापासून मुठीपर्यंत चालले. मुठीपासून बोगद्यापर्यंत. परत. पुन्हा. मग म्हणाले, "इथून पिंजऱ्यात यायला काहीच वेळ लागत नाही."

"नाही लागत," भावजय म्हणाली.

"म्हणजे तो इथे असता तर... मी उचलला तेव्हा तो इथे असला तर..."

"इथे असता तर चढला असता की! तुमचा भाऊ एका जागी उभा राहणारा होता का? तो गेला असणार आत, कुणाला तरी हाका मारायला."

"तुला कसं माहीत?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला तसं वाटतं. तुम्हाला दुसरं वाटत असेल तर वाटू दे. मी काय करू?"

अण्णा बोगद्याच्या साखळीपाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी भावाला हाक मारली. वरचा-खालचा नव्हे, लहानपणी ज्या नावाने मारत असतील त्या नावाने. एकदाच आणि फार मोठ्याने नाही. माझा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

थंडी वाजायला लागली तशी पुतणी म्हणाली, "आई, घंटा वाजव. जाऊ आपण." भावजयीने मूठ ओढली आणि सोडली.

"एक म्हणजे थांब," अण्णा मागून म्हणाले. ते पुढे आले. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि तीन वेळा मूठ ओढली. कुठेतरी फार वर काहीतरी हललं आणि दोर ताठ झाला.

यानंतर अण्णा शांत झाले असं मला सांगायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. आम्ही दोन दिवसांनी निघालो, तर ते म्हणाले, मी राहतो. पुतणीच्या घरी राहिले. आता ते इकडे थोडे दिवस, तिकडे थोडे दिवस असे असतात. बसमध्ये जागा असली तरी उभ्यानेच जातात. भावजयीचा फोन येतो, "घेऊन जा बाई यांना, दिवसभर माझ्या दारावरून इंजिनघर आणि इंजिनघरावरून माझं दार. डोकं उठलं." आणि ते इकडे आले की दुसऱ्या आठवड्यात तिचाच फोन, "अजून पाठवले नाहीत?" दोघांचं भांडण अजून मिटलेलं नाही. ती तिची गोष्ट सोडायला तयार नाही, हे त्यांची. पुतणी मध्ये सापडली. अण्णा गावात असले की ती खरं सांगते आणि नसले की आईचं. तिचं म्हणणं, आईच्या गोष्टीला लोक जास्त रडतात.

मागच्या वेळी मी त्यांना आणायला गेले तेव्हा इंजिनघरात गर्दी होती. पुतळा त्यांनी केव्हाच हलवायला लावला होता. ते दोरीच्या आत उभे राहून लोकांना सांगत होते, "मॅनेजर दुसऱ्यांदा म्हणाला, उचल. आणि मी उचलला."

पुढच्या रांगेतल्या एका माणसाने विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं, उचलायला नको होता का?"

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "माहीत नाही," ते म्हणाले, दोरी उचलून बाहेर आले आणि लोकांमधून थेट आवारात गेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "थांबा, येतील." त्यांनी मनोऱ्याला एक वळसा घातला, मग दुसरा. परत आत आले, दोरीच्या पलीकडे गेले आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सांगू लागले, "पिंजरा वर आला तो रिकामा. तो तसाच मी मधल्या पातळीवर सोडला. तिथे माणसं होती."